पळणाऱ्यावर नेम टिकत नाही, काय करू?

प्रश्न (कोथरूड): व्हॅलोरंट (नेमबाजीचा कॉम्प्युटर गेम) खेळतो. माउसचा डीपीआय (माउस किती बारीक हालचाल टिपतो ते) ८००, गेममधली सेन्सिटिव्हिटी (माउस हलवला की नजर किती वळते ते) ०.८. उभ्या माणसाचं डोकं बरोबर टिपतो, पण कोणी पळायला लागला की क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) मागेच राहतं, हात थरथरतो. कोवाक्स हे नेमाच्या सरावाचं सॉफ्टवेअर विकत घेऊ का?

उत्तर: आधी एमलॅब वापर, तेही सरावाचंच आहे, पण फुकट. पण अरे, माउस २० सेंटिमीटर सरकवला की गेममध्ये तुझी पूर्ण गिरकी होतेय! सेन्सिटिव्हिटी ०.४ कर, ४१ च्या आसपास जाईल. हात कोपरापासून हलव. नजर लक्ष्यावर ठेव, क्रॉसहेअरवर नको. माउस आवळून धरलास की थरथर आलीच.

प्रश्नकर्ता: दादा, टेबल अरुंद आहे, कीबोर्ड आड येतो.

उत्तर: कीबोर्ड तिरका लाव. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत तसाच असतो.

आणखी एक सल्ला: व्होल्टेइक या नेम शिकवणाऱ्या गटाचे बेंचमार्क (नेमाच्या चाचण्या) खेळून बघ. क्लिकिंग (नेम लावून टिपणं), ट्रॅकिंग (हलत्या लक्ष्यावर नेम धरून ठेवणं), स्विचिंग (एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणं) वेगवेगळं मोजतात, कच्चं काय ते कळतं. व्हॅलोरंटला मात्र ट्रॅकिंगपेक्षा क्लिकिंगच जास्त लागतं, तेही सोडू नकोस.