स्लीव्हनंतर सहा वर्षांनी ८ किलो परत वाढले, आधी काय तपासायचं?

निळी छत्री:

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठ्या बहिणीबद्दल आहे. आकडे आधीच देतो, म्हणजे उत्तरं अंदाजपंचे यायला नकोत.

वय ४६, उंची १५८ सेंमी. जून २०१९ मध्ये स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवायचं ऑपरेशन), तेव्हा वजन ११२ किलो. सर्वांत कमी ७१, डिसेंबर २०२० मध्ये. पुढे दोनेक वर्षं ७२-७३. आता ७९. मधुमेह तेव्हा गेला तो अजून परतलेला नाही. मायग्रेनसाठी दीड वर्षापासून रात्री अमिट्रिप्टिलीन २५ मिलिग्रॅम चालू आहे. रात्री अधूनमधून जळजळ होते, मग पॅन्टोप्राझोल.

जेवण खरंच थोडं आहे. पोळी आणि चिकन अडकल्यासारखं होतं म्हणून इडली, उपमा, वरणभात यावर भर. चार चहा साखरेचे, त्यातल्या दोन चहांबरोबर मारी.

विचारायचं ते असं: एवढी वाढ चालते का? ‘पाच दिवस फक्त पातळ पदार्थ घेऊन पाउच (लहान केलेलं जठर) रीसेट करा’ असं व्हॉट्सॲपवर फिरतंय, त्यात तथ्य आहे का? वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घ्यावं का? की दुसरं ऑपरेशन?

वाटीभर (आहारतज्ज्ञ):

आधी हिशेब. ११२ वरून ७१ म्हणजे ४१ किलो उतरले, त्यातले ८ परत आले. उतरलेल्या वजनाच्या साधारण २० टक्के. मूळ वजनाच्या तुलनेत ताई आजही २९ टक्क्यांनी खाली आहेत. स्वीडनच्या एसओएस या लठ्ठपणावरच्या दीर्घ अभ्यासात बायपास (लहान केलेलं जठर थेट पुढच्या आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि १० वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावलं. ती शस्त्रक्रिया वेगळी, पण तळ गाठून थोडं वर येणं स्लीव्हमध्येही दिसतंच. ७१ चा हट्ट सोडा. ७३ हे स्थिर वजन धरलं तर प्रश्न ६ किलोंचा आहे. वाढीचा वेग मात्र बघा. वर्षाला किलोभर वाढलं तर लक्ष ठेवायचं, सहा महिन्यांत तीन-चार किलो वाढलं तर कारण शोधायलाच हवं.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर करायचं आणि आठवड्याची सरासरी लिहायची. एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं ते पाणी आणि मीठ.

आता चहाकडे येते. ८ किलो जादा वजन नुसतं टिकवून धरायलाही रोज साधारण १६० ते २०० कॅलरी जास्त लागतात. फुल क्रीम दूध १०० मिली आणि साखर दोन चमचे, असा एक चहा सव्वाशे कॅलरींच्या आसपास जातो. चार मारी म्हणजे शंभरेक. चार चहा आणि दोन वेळा मारी धरली की ७०० च्या घरात, आणि ‘जेवण थोडं’ हे वाक्य तरीही खरंच राहतं! स्लीव्ह घट्ट, घन अन्नाला अडवते. पातळ आणि चावल्यावर लापशी होणारं अन्न तिच्यातून सरळ खाली सरकतं: बिस्किट, खारी, इडली, उपमा, शेव, चिवडा, आइस्क्रीम. त्याने पोट भरल्याची जाणीव येत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

म्हणून पहिला आठवडा काहीच बदलू नका. तोंडात गेलेलं सगळं लिहा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. फोडणी देताना चाखलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, डब्यातून उचललेले चार शेंगदाणे, सगळं. मग एक साधी चाचणी. दुपारी १०० ते १२० ग्रॅम घट्ट प्रथिन (पनीर, शिजवलेले मासे किंवा उकडलेली दोन-अडीच अंडी) सावकाश, २० मिनिटांत, पाण्याशिवाय खायचं. त्यानंतर अर्धा तास पाणी नाही. एवढ्याने पोट भरलं आणि तीन-चार तास भूक लागली नाही, तर स्लीव्ह बहुधा काम करतेय आणि दोष पदार्थांच्या निवडीत आहे. भरपूर खाऊनही तासाभरात भूक लागली तर डॉक्टरांकडे जाऊन आतली रचना बघायला हवी.

प्रथिनांचं लक्ष्य दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. अंदाजासाठी: एक अंडं ६, पनीर १०० ग्रॅमला १८, कच्ची मटकी किंवा डाळ ३० ग्रॅमला ७, सोयाचे कोरडे तुकडे २० ग्रॅमला १०, सुरमई-बांगडा १०० ग्रॅमला २० च्या आसपास. वाटीभर पातळ वरणात जेमतेम तीन-चार ग्रॅम निघतात, ते प्रथिनाचं जेवण म्हणून धरूच नका. ताटात आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर अर्धी भाकरी किंवा दोन चमचे भात.

पोळी अडकते त्यात नवल नाही, नीट चावली गेली नाही की कणकेचा गोळा होऊन बसतो. चिकनचे छातीचे कोरडे तुकडे सोडून खिमा करा, किंवा दह्यात मुरवून मंद आचेवर शिजवा. मासा आणखी सोपा. घास हरभऱ्याएवढा. मुगाचं धिरडं आत पनीर किसून घातलं की चांगलं उतरतं, फक्त सोबत चहा नको.

पाउच रीसेटबद्दल एका ओळीत: पाच दिवसांत उतरतं ते पाणी आणि शरीरात साठलेली साखर (ग्लायकोजेन), जठराची नळी पातळ पदार्थांनी आकसत नाही. सहाव्या दिवशी इडली सुरू झाली की वजन परत.

गोळीबंद (फार्मासिस्ट):

वाटीभर यांचा चहाचा मुद्दा पटला, पण मला आधी दिसलं ते अमिट्रिप्टिलीन. भूक वाढवणाऱ्या औषधांत ते वरच्या रांगेत आहे, गोड खावंसं वाटणं हीसुद्धा त्याची नेहमीची तक्रार. वाढीचा आलेख काढून बघा, दीड वर्षापूर्वी चढ सुरू झालाय का? झाला असेल तर मायग्रेनच्या डॉक्टरांना तसं सांगून पर्याय विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नये, हळूहळू कमी करतात. टोपिरामेटने भूक कमी होते, पण मुतखड्याचा इतिहास असेल तर ते नको. प्रोप्रानोलॉलनेही थोडं वजन वाढू शकतं. याच यादीत प्रेगाबालिन, मिर्टाझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट, स्टेरॉइड आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, इन्सुलिन येतात. कुणाला नवं औषध सुरू झाल्यावर वजन चढलं असेल तर आधी गोळ्यांचा डबा उघडा.

डोकं दुखलं की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असतील तर थांबवा, विशेषतः जळजळ आहे म्हणून. बायपास झालेल्यांना तर त्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो.

इंजेक्शनबद्दल. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीच्या मात्रेतलं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. शस्त्रक्रियेनंतर वाढलेल्या वजनावर ही औषधं चालतात, बॅरिअॅट्रिक डॉक्टर ती देतातही. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करून दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ असं चढवतात. छोट्या जठरात मळमळ जास्त जाणवते, म्हणून पायरी चढायची घाई करू नये. मात्र भूक मेल्यावर माणूस प्रथिनं सोडून चहा-बिस्किटावर राहिला तर उतरतं ते स्नायूंचं वजन. औषध थांबवलं की बरंचसं वजन परत येतं, त्यामुळे खर्चाचा विचार वर्षांच्या हिशेबाने करा. मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर स्वतःला किंवा घरात असेल तर घ्यायचंच नाही. पित्ताशयात खडे किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज असेल तर आधी सांगायचं. एंडोस्कोपी किंवा भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनची तारीख सांगायची, कारण जठर उशिरा रिकामं होतं.

आणि एक धोक्याची खूण. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर घरी बसू नका. थायमिन (बी१ जीवनसत्त्व) संपतं, डोळे तिरळे होणं, तोल जाणं, गोंधळणं इथपर्यंत जातं. दवाखान्यात गेल्यावर ‘स्लीव्ह झाली आहे’ हे पहिलं वाक्य असलं पाहिजे, म्हणजे ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन दिलं जाईल.

दुर्बीण (दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतो):

वरच्या दोघांनी खाणं आणि औषधं यांचं सांगितलं, मी रचनेचं सांगतो. इथे दोन गोष्टी मला खटकल्या: रात्रीची जळजळ, आणि सहा वर्षांनीही पोळी अडकणं. चावण्याची चूक असेल तर वाटीभर यांच्या युक्त्यांनी दोन आठवड्यांत फरक पडेल. नाही पडला तर स्लीव्हला मध्ये, जठराच्या वळणापाशी, अरुंदपणा किंवा पीळ आहे का ते पाहावं लागतं. अशा अरुंदीमुळे घन अन्न नकोसं होतं, माणूस आपसूक मऊ, गोड, पातळ पदार्थांकडे वळतो आणि वजन वाढतं. म्हणजे नळी ‘घट्ट’ असूनही वजन वाढतं, हे लोकांना पटत नाही. जळजळ शमवायला रात्री दूध-बिस्किट खाणारेही खूप असतात. विचारा एकदा.

तपासण्या दोन. बेरियम किंवा पातळ डाय पिऊन एक्स-रे: यात नळीचा आकार, वर फंडसचा (जठराच्या फुगीर टोकाचा) भाग उरलाय का, हायाटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) आहे का, हे दिसतं. दुसरी एंडोस्कोपी: अन्ननलिकेचा दाह, बॅरेट (अन्ननलिकेच्या अस्तरातला बदल), अरुंदी. स्लीव्हनंतर त्रास नसला तरी पहिल्या वर्षी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपी करावी, कारण जळजळ न होताही अन्ननलिकेत बदल होऊ शकतात. सहा वर्षांत झालीच नसेल तर वजनाचा प्रश्न नसता तरी करायला सांगितलं असतं.

दुसरं ऑपरेशन ८ किलोंसाठी मी सुचवणार नाही. आजचा बीएमआय ३१.६ आहे आणि मधुमेह परतलेला नाही. पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेत गळती, रक्तस्राव यांचा धोका पहिल्यापेक्षा जास्त आणि वजन पहिल्याइतकं उतरत नाही. हिशेब बदलतो तो जळजळीने. औषधाला न जुमानणारा रिफ्लक्स (आम्ल वर येणं) किंवा बॅरेट निघालं तर स्लीव्हचं रू-एन-वाय या नेहमीच्या बायपासमध्ये रूपांतर हा योग्य मार्ग, आणि ते वजनासाठी नसून अन्ननलिकेसाठी करायचं. अशा वेळी ‘मिनी बायपास’ (एकाच जोडाचा बायपास) कुणी सुचवला तर पित्त वर येण्याचा प्रश्न मोकळेपणाने विचारा.

हा धागा बायपासवालेही वाचतील, त्यांच्यासाठी: जठर-आतड्याचा जोड रुंदावला असेल तर तो तोंडावाटे, दुर्बिणीतून टाके घालून किंवा आर्गॉन प्लाझ्माने (वायूतून उष्णता देऊन) लहान करता येतो. जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, काहीतरी गोड हवंसं वाटत असेल तर ती साखर खाली जाण्याची लक्षणं आहेत. त्यावर साखर खात राहिलात तर वजन वाढतं आणि तासाभराने तेच पुन्हा घडतं.

निळी छत्री:

आभार. आलेख काढला, ७३ ते ७९ ही वाढ जवळपास सगळी गेल्या दीड वर्षातली आहे. रात्री दूध-बिस्किट घेते हेही खरं निघालं. रक्ताच्या कोणत्या तपासण्या एकत्र करून घेऊ? आणि ती संकष्टी, एकादशी दोन्ही करते, साबुदाण्याशिवाय.

गोळीबंद:

सीबीसी (रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड), टीएसएच (थायरॉइड), उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृत-मूत्रपिंड, लिपिड. फेरिटिन कमी असेल तर एचबीए१सी खरं असतं त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. कॅल्शियम सायट्रेट एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, उरलेलं दुसऱ्या वेळेला. पॅन्टोप्राझोल बरेच महिने चालू असेल तर बी१२ आणि लोह आणखी कमी शोषलं जातं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

वाटीभर:

साबुदाणा नाही हे उत्तम, पण मग ती जागा भगर आणि बटाट्याने घेतलीय का? तेही पिठूळच. उपासाला १०० ग्रॅम पनीर तुपावर परतून जिरं-मिरचीत, घट्ट दही १५० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे ३० ग्रॅम (मोजून, एवढ्यात १७० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिन). त्यातही ३५ ग्रॅमच्या आतच प्रथिन होतं, म्हणून त्या दिवशी व्हे प्रथिन पावडरचा एक स्कूप पाण्यात, जेवणापासून अर्धा तास लांब. राजगिऱ्याची चिक्की आणि लाडू नको, चटकन उतरतात.

चहाचं एकदम चार वरून शून्य करू नका. पहिल्या आठवड्यात मारी बंद, दुसऱ्यात साखर निम्मी आणि दूध टोन्ड, तिसऱ्यात चार ऐवजी दोन. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच. उशा वाढवून उपयोग नाही, पोट दुमडतं.

पायपीट (फिजिओथेरपिस्ट):

चालण्याचा उल्लेख कुठेच नाही म्हणून लिहितो. वजन टिकवायला आठवड्याला १५० मिनिटं ही खालची मर्यादा, परत चढत असेल तर २५०-३०० पर्यंत न्या. पण ४६ व्या वर्षी, रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर, नुसतं चालून स्नायू राहत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीवर दंड, रबरी पट्ट्याने ओढणं, पाण्याच्या बाटल्या किंवा डंबेल डोक्यावर उचलणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, सहज झाल्या तर वजन वाढवा. पुढे वाकून करायचे प्रकार जेवणानंतर दोन तास टाळा, रिफ्लक्स आहे म्हणून.

दुर्बीण:

मेडिक्लेमचं आत्ताच बघून ठेवा. भारतातल्या पॉलिसींमध्ये लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी साधारण बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ अशी अट असते. पुढे कधी रिफ्लक्ससाठी रूपांतर करायची वेळ आली तर निदानात रिफ्लक्स आणि एंडोस्कोपीचा अहवाल स्पष्ट लिहिलेला हवा. त्यासाठी २०१९ ची डिस्चार्ज समरी आणि ऑपरेशन नोट शोधून ठेवा. स्टेपलरची ओळ कुठून कुठे आहे आणि आत किती जाडीची बूजी (मापाची नळी) वापरली हे त्यात असतं, पुढच्या सर्जनला ते लागतंच.