बाण लागलेली सिंहीण: शिल्पकाराला पॅरालिसिस कळत होता का?

शेंगाचटणी: काल फोनवर निनेवेच्या (प्राचीन अ‍ॅसिरियाची राजधानी, आजच्या इराकमध्ये) राजवाड्यातलं ते सिंहिणीचं शिल्प बघितलं, तिथल्या अशुरबानिपाल राजानं केलेल्या सिंहांच्या शिकारीतलं, इ.स.पू. ६४५च्या आसपासचं, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढचे पाय टेकवून डरकाळी फोडतेय पण मागचे दोन्ही पाय नुसते फरफटतायत. हे मुद्दाम दाखवलंय की माझंच काहीतरी?

गुरांचा_डॉक्टर: मुद्दामच हो. बाण कमरेच्या मणक्यात घुसलेत, मज्जारज्जू तुटला की त्याच्या खालचं सगळं लुळं पडतं आणि वरचं शाबूत राहतं. पुणे रोडला ट्रकनं उडवलेली म्हैस अशीच पुढच्या पायांवर उठायला बघते, बघवत नाही. शिल्पकारानं शिकारीत स्वतः बघितल्याशिवाय हे जमणार नाही, मेडिकलचं शिक्षण कशाला लागतंय.

सिद्धेश्वर_पेठ: प्राचीन इजिप्तमधल्या रोमा नावाच्या द्वारपालाचा शिलापट पण बघा, कोपनहेगनला आहे. एक पाय काडीसारखा, टाच वर उचललेली, हातात काठी. पोलिओ म्हणतात.

शेंगाचटणी: पोलिओच कशावरून, जन्मजात वाकडा पाय असेल की ओ?

गुरांचा_डॉक्टर: तेही मत आहेच, नुसत्या चित्रावरून पक्कं सांगता येत नाही. पण मानेचा मणका सरकला की हातपाय जातात हे इजिप्तच्या वैद्यांनी एडविन स्मिथ पपायरस नावाच्या वैद्यकीय हस्तलिखितात लिहून ठेवलंय, साधारण इ.स.पू. १६००चा तो, आणि पुढे सरळ शेरा, यावर उपचार नाही.