मुलाखतीचे अनुभव : काय विचारलं, आणि उत्तर कधी आलं?

नोकरीच्या मुलाखतीबद्दल सल्ले भरपूर मिळतात, पण त्या खोलीत नेमकं काय घडलं ते फारसं कुणी सांगत नाही. पहिली मुलाखत तोंडावर आलेल्यांना खरा उपयोग त्याचाच. म्हणून विनंती : किती फेऱ्या झाल्या, कुठे अडलात, निकाल कसा कळला ते लिहा. कंपनीचं नाव नको.

सुरुवात मी करते. दुसऱ्या तांत्रिक फेरीत चढत्या क्रमाने लावलेल्या यादीतून एक संख्या शोधायला सांगितली. मी पहिलीपासून एकेक तपासणारा लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहिला. समोरच्या बाईंनी विचारलं, "यादीत दहा लाख संख्या असल्या तर?" मग सुचलं : मधली बघायची, निम्मी यादी सोडायची, उरलेल्यातली पुन्हा मधली. दहा लाखांसाठी साधारण २० पायऱ्या पुरतात. कोडमध्ये मात्र शेवटची सीमा चुकली आणि लूप थांबेचना. त्या म्हणाल्या, "दोनच संख्यांची यादी घ्या आणि कागदावर चालवून बघा." चूक मला सापडली. निवड झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला : विचार बरोबर आहे, हात अजून बसलेला नाही, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. वाईट वाटलं, पण पुढे काय करायचं ते कळलं होतं.

* * *

माझ्या सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येकाची सुरुवात 'स्वतःबद्दल सांगा' इथून. आधीच्याने काय विचारलंय हे पुढच्याला ठाऊकच नसायचं. शेवटी म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो." मी तीन मेल केले, एकालाही उत्तर नाही. दोन महिन्यांनी तीच जागा पुन्हा जाहिरातीत दिसली. नकार मी पचवला असता. पण त्यांच्या भरवशावर दुसरीकडचं बोलावणं पुढे ढकललं आणि तेही हातचं गेलं. तो राग अजून गेलेला नाही.

* * *

बाळंतपणानंतर तीन वर्षांचा खंड. एका ठिकाणी पहिलाच प्रश्न : "मूल आजारी पडलं तर काय कराल?" शेजारी वाट बघत बसलेल्या पुरुष उमेदवाराला मी नंतर मुद्दाम विचारलं, त्यालाही लहान मुलगी होती. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या कंपनीत खंडाबद्दल एकच वाक्य निघालं, "या काळात क्षेत्रात काय बदललं असं तुम्हाला वाटतं?" त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. तिथेच आज काम करते.

* * *

घरी करायला दिलेल्या कामात माझे चार दिवस गेले. पुढच्या फेरीत कळलं, ते कुणी उघडूनही बघितलं नव्हतं.

* * *

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून थोडं लिहितो. आम्ही सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारतो आणि आपापसात बोलण्याआधी प्रत्येक जण आपले गुण लिहून ठेवतो. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं, त्यात अशी आखीव मुलाखत गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते असं दिसलं. कोडी घालणं आम्ही बंद केलंय. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीही २०१३ मध्ये सांगितलं होतं की अशा कोड्यांतून काहीच कळत नाही.

– सगळ्यांना तेच प्रश्न विचारले तर माणूस कळणार कसा?

उपप्रश्नांतून. 'तुमचा एक निर्णय चुकला तो सांगा' हे सगळ्यांना सारखं. पण त्यानंतरचं 'कधी लक्षात आलं, कुणाला सांगितलं, मग काय केलं?' प्रत्येकाच्या उत्तरातूनच निघतं. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या उपप्रश्नाला संपतं.

* * *

"तुम्हाला काही विचारायचंय?" असं शेवटी म्हणतात तेव्हा मी आधी 'नाही' म्हणून उठायचो. गेल्या वेळी विचारलं, ही जागा रिकामी का झाली? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षभरात तिसरा माणूस सोडून गेला होता, आणि हे त्यांनी लपवलं नाही. चार दिवसांनी ऑफर आली. मी त्याच संध्याकाळी नकार कळवला, कारणासकट.