एम.एस्सी. भूविज्ञान : सलग नकाशाकामाची सक्ती असावी का, आणि ते बेसाल्टबाहेर व्हावे का?

कातळकडा (धागाकर्ता)

एका भूभागात मुक्काम ठोकून, रोज पायी हिंडून, स्वतःच्या हाताने भूवैज्ञानिक नकाशा तयार करणे हा एम.एस्सी.चा कणा समजला जात असे. आता अनेक ठिकाणी तो आठवडाभराच्या सहलीवर आला असून उरलेली जागा सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांचा अभ्यास), जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि संगणकीय विश्लेषणाने घेतली आहे. या विषयांना माझा विरोध नाही. मात्र तीन आठवड्यांचे सलग नकाशाकाम हा स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावा लागणारा विषय असावा आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी ते दख्खनच्या बेसाल्टबाहेर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाबाहेर, करावे, असे माझे मत आहे.

राज्याचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हांनी व्यापलेला आहे आणि ते थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे पुण्यात किंवा सोलापुरात शिकणारा विद्यार्थी नती (थराचा उतार) आणि नतिलंब (त्या उताराशी काटकोनातली दिशा) पाठ करतो, पण कंपास लावावा असा ठसठशीत कललेला थर त्याला आसपास कोठेच भेटत नाही. पूर्व विदर्भातला साकोली पट्टा, सिंधुदुर्गातले कलादगी खडकगटाचे वालुकाश्म, राज्याबाहेर अरवली किंवा कडप्पा येथे गेल्याशिवाय वळ्या (थरांना पडलेल्या घड्या) आणि प्रस्तरभंग (खडक सरकलेले तडे) त्याच्या डोळ्यांत बसणार नाहीत. दोन उघड्या कातळांच्या मध्ये ज्वारीचे शेत असते, खडकांची सीमा त्या शेताखालून नेमकी कोठून जाते हे ठरवावे लागते आणि मग टोपोशीटवर (भूरूपदर्शक नकाशावर) तुटक रेषा काढावी लागते. ती रेषा तेथेच का काढली, याचे उत्तर देता येणे म्हणजे भूविज्ञान येणे.

झिरकॉन

मी पूर्णपणे असहमत आहे. ज्या दख्खनला आपण शिकण्यासाठी अपुरे ठरवत आहात, त्याचा इतिहास मुख्यतः प्रयोगशाळेने उलगडला आहे. पोलादपूर आणि आंबेनळी या पाठोपाठच्या शैलसमूहांचे, म्हणजे लाव्हाथरांच्या गटांचे, नमुने हातात घेतले तर दोन्ही काळेच दिसतात. त्यांतला फरक 1980 च्या दशकात मूलद्रव्यांच्या आणि स्ट्रॉन्शियम समस्थानिकांच्या मोजणीतून स्पष्ट झाला. घाटातल्या लाव्हाथरांमधील लाल मातकट पट्ट्यांतून झिरकॉन या खनिजाचे कण वेचून उद्रेकांच्या टप्प्यांची वये 2019 मध्ये मांडली गेली. कोयना परिसरात 3 किलोमीटर खोल घेतलेल्या वेधछिद्रात सुमारे 1250 मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट त्याखालचा जुना ग्रॅनाइट-नाइस खडक लागला. मध्ये गाळाचा खडक आढळला नाही. हे कोणालाही पृष्ठभागावर हिंडून कळले नसते.

दुसरा मुद्दा पैशाचा. वाहन, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च बहुधा विद्यार्थ्यांवरच पडतो. दिवसभर उघड्या माळावर काम करणाऱ्या मुलींच्या साध्या गरजांची सोय कोणी पाहत नाही आणि मग 'मुलींना फील्ड जमत नाही' असे म्हणायला सगळे मोकळे होतात. अशा स्थितीतली सक्ती गुणवत्तेची नव्हे, ऐपतीची परीक्षा ठरते.

विहीरतळ

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो आणि सक्तीच्या बाजूने आहे. मात्र 'बेसाल्टबाहेर' ही अट मला मुळीच मान्य नाही. बेसाल्ट आपल्या मुलांना येतो, हे गृहीतकच चुकीचे आहे. एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीत डोकावून पाहावे : वर मुरूम, त्याखाली सांध्यांनी फुटलेला खडक, मग झिओलाइट या खनिजाने भरलेल्या पोकळ्यांचा थर आणि कधी त्याच्या तळाशी पाणी अडवून धरणारा लाल पट्टा. पाझर नेमका कोणत्या उंचीवर आहे हे तेथे डोळ्यांनी दिसते, तरी ते टिपून घेणारे पदव्युत्तर विद्यार्थी मला फार थोडे भेटले.

उपग्रहचित्राबद्दलही सांगतो. धुळे-नंदुरबारकडे चित्रावर लांबच लांब सरळ रेषा दिसतात आणि त्यांतल्या पुष्कळशा डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, आहेत. परंतु डाइक अखंड असेल तर तो भूजलाचा प्रवाह अडवतो आणि त्याच्या कडा फुटलेल्या असतील तर त्याच कडांना पाणी सापडते. शेतकऱ्याने बोअर रेषेच्या कोणत्या बाजूला घ्यावा, हे पडद्यावर पाहून सांगणाऱ्याने आधी स्वतःचे पैसे लावावेत.

अंतिम वर्ष

आमच्या बाजूने कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे लक्ष 'गेट' या राष्ट्रीय परीक्षेवर आणि संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेवर आहे. या लेखी परीक्षांत कोणी आम्हाला टेकडीवर नेऊन नकाशा काढायला लावत नाही. शिवाय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण निवड झालेल्यांना स्वतःच क्षेत्रप्रशिक्षण देते. चित्रदुर्ग आणि झावर येथे त्याची प्रशिक्षण केंद्रे आहेत. नोकरी देणारी संस्था जे पगार देऊन शिकवते, ते आम्ही पदरचे पैसे घालून आणि अभ्यासाचे तीन आठवडे गमावून आधीच का शिकावे?

कातळकडा

'अंतिम वर्ष' यांचा प्रश्न रोखठोक आहे आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तोच विचारला असता. पण सर्वेक्षणात निवड होते ती अर्ज करणाऱ्यांतल्या मोजक्यांची. उरलेले बोगदे, धरणांचे पाये, खाणी आणि विहिरी यांच्या कामांवर जातात. तेथे त्यांना चित्रदुर्गला पाठवणारे कोणी नसते आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या सहीने अहवाल जातो.

'झिरकॉन' यांची उदाहरणे खरी आहेत. त्यांतून निघालेला निष्कर्ष मला पटत नाही. आंबेनळीचा नमुना घाटात कोणत्या उंचीवरून आणि कोणत्या थराच्या वरून घेतला, ही नोंद नसेल तर त्याचे रासायनिक विश्लेषण म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. लाल पट्टाही आधी कोणीतरी रस्त्याच्या कापात ओळखला, खरवडला, पिशवीत भरला, तेव्हा त्यातला झिरकॉन यंत्रापर्यंत पोचला. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नसल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. अशा याद्या आणि नकाशे जागेवर जाऊन तपासणारी माणसे घडवायची तर ती पदव्युत्तर वर्गातूनच यावी लागतील.

'विहीरतळ' यांचे म्हणणे मात्र मी स्वीकारतो : एक आठवडा बेसाल्टात, विहिरींसह, आणि दोन आठवडे बाहेर. खर्च विद्यापीठाने उचलावा आणि मुलींच्या मुक्कामाची व माळावरील सोय ही परवानगीची पूर्वअट असावी. त्याशिवाय सक्ती करू नये, हे मलाही मान्य आहे.

झिरकॉन

खर्च आणि सोय आधी, सक्ती नंतर, एवढा क्रम कागदावर येणार असेल तर माझा निम्मा विरोध मागे घेतो. उरलेला निम्मा गुणांबद्दल आहे. आज पंचवीस मुले एकच नकाशा गिरवतात आणि शिक्षक वही पाहून गुण देतात. प्रत्येकाला वेगळा तुकडा नेमून देऊन, बाहेरच्या परीक्षकाने त्या शेताच्या बांधावर उभे राहून तुटक रेषेबद्दल तोंडी परीक्षा घ्यावी. हे करायला किती विभाग तयार आहेत, ते येथील प्राध्यापक सभासदांनी सांगावे.