भाचीचं यूएन मिशन: इंग्रजीइतकीच गाडीचीही तयारी हवी

काका, मध्य प्रदेश पोलिसात सब-इन्स्पेक्टर असलेली तुमची भाची संयुक्त राष्ट्रांच्या (यूएन) शांतिसेनेसाठी इंदुरातून थेट अर्ज करू शकते का, असं विचारलंत. नाही. नाव सरकारकडूनच जातं, तेव्हा खात्याच्या परिपत्रकांवर डोळा ठेवा. वय किमान 25 आणि प्रशिक्षणाचा काळ वगळून 5 वर्षं सेवा हवी.

निवड परीक्षेत इंग्रजी, गाडी चालवणं आणि नेमबाजी बघतात. त्यात इंग्रजीच आडवं येतं, असं काही जण म्हणतात. अर्धंच खरं. बऱ्याच जणी गाडीत अडकतात, कारण आयुष्यभर स्कूटी चालवलेली असते आणि परीक्षेत गिअरची फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी मोठी गाडी मिळते. अडथळ्यांमधून रिव्हर्स घेताना क्लच पटकन सुटतो, गाडी बंद पडते किंवा खुणेच्या खांबाला लागते. सकाळी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या रिकाम्या रुंद रस्त्यावर नुसती सरळ पळवून काही साधत नाही. एखाद्या मैदानात विटा मांडून फक्त आरशात बघत मागे घ्यायला लावा. मोहीम असलेल्या दक्षिण सुदानसारख्या देशात वाहतूक उजवीकडून चालते, हेही डोक्यात असू द्या.

इंग्रजीत खरी कसोटी अहवालाची. ऐकलेल्या घटनेतून कोण, कुठे, कधी, काय एवढंच लिहायचं. आपल्याकडचा पंचनाम्याचा फुलोरा तिथे नको. नेमबाजीचा सरावही चालू ठेवा.

वेळ मात्र बरी आहे. शांतता-कार्यात महिलांचा सहभाग वाढवा म्हणणारा सुरक्षा परिषदेचा 1325 क्रमांकाचा ठराव 2000 सालचा, पण आकड्यांचा तगादा यूएनच्या 2018 च्या धोरणानंतर वाढला: 2028 पर्यंत वैयक्तिक, म्हणजे एकेकटे निवडून जाणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यांत 30 टक्के महिला असाव्यात, हे लक्ष्य. लायबेरियात 2007 मध्ये गेलेली सीआरपीएफची महिला तुकडी वेगळी, तिथे अख्खी तुकडीच जाते. भाचीने वैयक्तिक निवडीचंच बघावं.