जुन्या फोनात मेल आणली तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर नोकिया ई63 सापडला. चार्जरला लावला, पाच-दहा मिनिटं रुसला आणि मग ते हातात हात देण्याचं चित्र दाखवत उठला! 2009 मध्ये मी पहिल्यांदा मेल घेतली ती याच फोनात. लॅमिंग्टन रोडवरच्या (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात कुणाच्याच नाही) एका गाळेवाल्याने 'ईमेल चालू करून देतो' म्हणत दीडशे रुपये घेतले. केलं काय, तर एक एसएमएस पाठवून जीपीआरएसची (तेव्हाच्या मोबाइल इंटरनेटची) सेटिंग मागवली आणि सेव्ह केली. पुढचं सगळं माझ्या माथी.

घरी रात्री एकपर्यंत खटपट. मेल आणायची पद्धत आयमॅप, पोर्ट (मेल कंपनीच्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे सर्व्हरच्या, दाराचा नंबर) 993, एसएसएल (जोडणीचं कुलूप) चालू. मेल यायला लागली, पण जाईना. दोन दिवसांनी लक्षात आलं, येणाऱ्या मेलचं पोर्ट बदललं होतं, जाणाऱ्याचं 25 च राहिलं होतं. तिथे 465 टाकलं आणि आउटबॉक्समध्ये तुंबलेल्या सातही मेल एका दमात सुटल्या. मजकूर एकच, 'सर, उद्या रजा हवी आहे.' साहेबांनी विचारलं, "आठवडाभर पाहिजे का?"

तुमचं काय झालं होतं? लिहा. फोन कोणता होता तेही सांगा.

परळहून
बटणांचा साधा फोन. पासवर्ड चुकीचा, चुकीचा, चुकीचा. तोच पासवर्ड सायबर कॅफेत पहिल्या फटक्यात चाले. फोनवर दिसायच्या नुसत्या चांदण्या. शेवटी ताईने फोन हातात घेतला, मला हळूहळू टाइप करायला लावलं आणि डोक्यात टपली मारली, "गाढवा, वर कोपऱ्यात बघ, पहिलं अक्षर कॅपिटल पडतंय." हॅश दाबून आधी लहान अक्षरं करायची, मग सुरुवात. माझ्या पासवर्डात दोन एस होते, म्हणजे सातचं बटण चारदा, थांबा, पुन्हा चारदा. घाई केली की एसच्या पुढे जाऊन भलतंच काहीतरी पडायचं.

मुलुंडहून
आमच्या बाबांचाही ई सिरीजचाच होता. मेल पुसताना तो फोन विचारायचा: फक्त फोनमधून, की फोन आणि सर्व्हर दोन्हीकडून? बाबा बँकेतले, अर्धवट काम ठाऊकच नाही. प्रत्येक वेळी दोन्हीकडून. मावशीने न्यूजर्सीहून पाठवलेले बारशाचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर बघायला बसलो तर इनबॉक्स धुऊन पुसून लख्ख. बाबांचं म्हणणं, "सर्व्हर त्यांचा, उगाच आपला पसारा तिथे कशाला?" मावशीला परत पाठवायला सांगितलं, पण कारण अजून सांगितलेलं नाही.

कांदिवलीहून
'दर 5 मिनिटांनी मेल तपासा' हे मी मोठ्या हौसेने चालू केलं होतं. प्रीपेडवर पॅक नसताना 10 केबीला 10 पैसे कापले जात. कुणीतरी दोन एमबीचा गणपतीचा फोटो पाठवला आणि अंधेरी येईपर्यंत वीस रुपये गेले. तेव्हापासून आधी फक्त मथळे उतरवायचे, बाकी ऑफिसात.

गोरेगावहून
आईचा जुना अँड्रॉइड दोन वर्षं कपाटात होता. वायफाय लागलं, पण मेलचं खातं काही केल्या जोडेना, सुरक्षित जोडणी होत नाही म्हणे. आयपी, पोर्ट, राउटर, सगळं उलटंपालटं केलं. आई शांतपणे म्हणाली, "अरे, यात 2012 साल दिसतंय." बॅटरी पार उतरल्यामुळे तारीख गेली होती आणि सिम नसल्याने नेटवर्ककडून ती परत आलीच नव्हती. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला (तो खरा असल्याच्या दाखल्याला) अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. फोनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं. तारीख नीट केली, अर्ध्या मिनिटात मेल हजर. मी आयटीत आहे, हे इथे सांगायला नको होतं.

गिरगावातून
माझा अँड्रॉइड 2.3 चा. 27 सप्टेंबर 2021 पासून 2.3.7 आणि त्याखालच्या फोनांवर गूगलने लॉगिनच बंद केलं. आता तो गजर लावायला आहे. गजर उत्तम वाजतो.

चेंबूरहून
आजोबांकडे अँड्रॉइड 4.4 चा फोन, आणि हट्ट असा की त्यातलंच साधं ईमेलचं अॅप हवं. 2022 च्या पावसाळ्यात मेल यायची थांबली. आजोबांनी निष्कर्ष काढला की सोसायटीचा सेक्रेटरी त्यांना मुद्दाम नोटिसा पाठवत नाही. जिन्यात दोनदा वाजलं. खरं कारण असं की 30 मे 2022 पासून, नुसत्या नाव-पासवर्डावर चालणाऱ्या जुन्या अॅपना गूगलने दार बंद केलं होतं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग 16 अक्षरांचा वेगळा अॅप पासवर्ड मिळतो, तो नेहमीच्या पासवर्डाच्या जागी टाकायचा.

मी पुण्यात, ते चेंबुरात. फोनवर सांगत होतो, "पी पुण्याचा, एन नाशिकचा, के कोल्हापूरचा..." मध्येच म्हणाले, "के की सी? कराड कशाने लिहितात?" मधलं एक अक्षर चुकलं, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाऊण तासाने टुंग वाजलं. साठलेल्या सगळ्या मेल धडाधड आल्या. सोसायटीच्या तीन होत्या, तिन्ही आजोबांच्याच मेंटेनन्सच्या थकबाकीच्या.