वजन वाढतंय, उंची मात्र अडलीय

प्रश्न: मुलगा ६ वर्षांचा. वर्षभरात वजन ७ किलोनं वाढलं, पण गेल्या वर्षीची पँट लांबीला अजून बरोब्बर बसते, कमरेचं बटण तेवढं लागत नाही. सगळे म्हणतात, बाळसं आहे, उतरेल. खरंच?

उत्तर १: पँटचं लिहिलंत तेच महत्त्वाचं. नुसत्या जास्त खाण्यानं जाड झालेली मुलं सहसा वयाच्या मानानं उंच असतात. उंची अडली असेल तर हार्मोनची तपासणी हवीच. माझ्या मुलीचं थायरॉईड कमी निघालं. बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सारखी थंडी वाजणं, आम्ही मेलं सगळं हवेवर ढकलत होतो! गोळीनं उंची वाढू लागली. वजन मात्र थोडंच उतरलं, आधीच सांगते.

उत्तर २: स्टिरॉइड चालू आहे का? पोटातून बरेच दिवस घेतलं की चेहरा गोल होतो, उंची खुंटते. पण स्वतःहून एकदम बंद करू नका, धोक्याचं असतं.

प्रश्नकर्ती: दम्यासाठी वरचेवर सिरप दिलंय खरं. बाटली शोधते.

उत्तर १: डॉक्टरांकडे जाताना बाटली न्याच. तान्हेपणी अंग ढिलं होतं का, दूध ओढताना दमायचा का, हेही सांगा. तसं असून पुढे न भागणारी भूक लागली, तर प्राडर-विली नावाचा जन्मजात आजार आहे का, ते तपासतात. १५व्या गुणसूत्रातला दोष. विरळाच. जुन्या उंची-वजनाच्या नोंदी असतील तर त्याही घ्या.